ऐंशी फुटांच्या कोस्टरसाठी तीन तास गाडी हाकावी का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याहून १६ वर्षांचा भाचा येतोय, खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो हा रोलर कोस्टर करून आलाय आणि आता त्याला ‘अमेरिकेतला सगळ्यात उंच’ कोस्टर हवाय. सोबत सासूबाई, रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे आणि ५ वर्षांची मुलगी. एडिसनहून न्यू जर्सीतलंच जॅक्सनचं सिक्स फ्लॅग्ज पार्क तर तुम्ही करणारच आहात. पण ऑफिसात कुणीतरी सांगितलं की पेनसिल्व्हेनियातली छोटी पार्कं बघा, तिथले लाकडी कोस्टर भारी आहेत. त्यावर तुमची शंका अशी की जेमतेम ऐंशी फुटांच्या लाकडी सांगाड्यासाठी तीन तास जायचं का, आणि तो सुरक्षित तरी असतो का.

जा. एकच जागा निवडायची असेल तर पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्गचं कनोबेल्स पार्क निवडा. का, ते सविस्तर सांगतो.

आधी उंचीचं खूळ बाजूला काढू. जॅक्सनचा किंगडा का हा कोस्टर, ४५६ फुटांचा, २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा जगात सर्वांत उंच होता. तो २०२४ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकं लावून पाडलाही. तेव्हा भाच्याला व्हिडिओ दाखवून आशेला लावू नका. तिथेही नायट्रो नावाचा कोस्टर आहे, पण खोपोलीच्या नायट्रोशी त्याचं नावापलीकडे साम्य नाही. तो २३० फुटांचा, मोठमोठ्या टेकाडांचा आहे आणि त्यात माणूस कुठेच उलटा होत नाही. खोपोलीच्या नायट्रोचं खरं भावंड तिथे मेड्युसा आहे. पायाखाली तळ नसलेला हा प्रकार जगात पहिल्यांदा १९९९ मध्ये तिथेच आला. बनवणारी स्विस कंपनीही तीच, बी अँड एम. भाच्याला हे सांगा, तो खूश होईल.

आता लाकडी कोस्टर. गाडी टेकाडाच्या माथ्यावर येते तेव्हा रूळ खाली वळतो, पण तुमचं अंग आधीच्या वेगानं वरच जायला बघतं. तेवढ्या क्षणापुरत्या मांड्या सीटवरून सुटतात. याला एअरटाइम म्हणतात आणि आमच्यासारखे लोक त्याच्यासाठीच मैलोन्‌मैल हिंडतात. त्याला उंची लागत नाही. टेकाडाचा बाक आणि तिथे पोचताना गाडीचा वेग, हे दोन जुळले की चाळीस फुटांवरही माणूस उडतो. पण माणूस उडतो तशी गाडीही उडायला बघणारच. म्हणून रुळाच्या खालच्या बाजूनेही एक चाक धावतं आणि गाडीला खाली धरून ठेवतं. ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन डिझायनरनं १९१९ च्या सुमारास पेटंट करून घेतली. आज जगातला प्रत्येक मोठा कोस्टर, खोपोलीचा धरून, त्याच तत्त्वावर रुळाला चिकटून असतो.

कनोबेल्सचा फीनिक्स हा एअरटाइमचा राजा. मुळात हा कोस्टर टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा. १९४७ मध्ये तिथल्या प्लेलँड पार्कात तो ‘रॉकेट’ नावानं सुरू झाला. १९८० मध्ये पार्क बंद पडलं आणि सांगाडा तसाच गंजत-कुजत उभा राहिला. कनोबेल्सवाल्यांनी तो विकत घेतला, फळीफळीवर क्रमांक टाकून उतरवला, ट्रकांमधून अर्ध्या देशापलीकडे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला. तेव्हा लाकडी कोस्टर पाडायचेच दिवस होते, हलवायचे नव्हते. उंची ७८ फूट, वेग ताशी ४५ मैल. कागदावर काहीच नाही. तरीही २०१८ आणि २०१९ मध्ये मनोरंजन पार्कांसाठीच्या गोल्डन तिकीट पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम लाकडी कोस्टर हाच ठरला.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. स्टेशनातून गाडी सुटते ती थेट काळोख्या बोगद्यात. लांबलचक बोगदा, काही दिसत नाही, पुढचे लोक उगाच किंचाळत असतात. बाहेर पडलात की साखळीचा चढ लागतो, टक-टक-टक. हा आवाज साखळीचा नसतो. गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटाखाली एक लोखंडी खुंटी असते, ती दात्यांवरून जाताना वाजते. पहिला उतार बरा आहे, एवढंच. खरी मजा वळून परत येताना आहे. दोन टप्प्यांचा चढ, दोन टप्प्यांचा उतार आणि शेवटी ओळीनं छोटी टेकाडं. या शेवटच्या टेकाडांवर मागच्या डब्यात बसलेला माणूस जवळपास उभाच असतो. कारण दोघांत मिळून एकच दांडा, आणि तो ठरलेल्या जागी अडकतो. हल्लीच्या कोस्टरसारखा मांड्यांवर आवळून बसत नाही. दांडा आणि मांडी यांच्यात बोटभर नव्हे, चांगली हातभर जागा राहिल्यासारखी वाटते. पहिल्या फेरीत भाचा दांडा घट्ट धरेल. दुसऱ्या फेरीला हात वर असतील.

फीनिक्सवर सकाळी बसलात तरी संध्याकाळी परत बसा. दिवसभर धावून चाकांचं वंगण तापतं आणि गाडी सुसाट निघते. पावसाची सर येऊन गेली असेल तर आणखीच. (वीज चमकली की मात्र बंद ठेवतात.) दिवे लागल्यावर झाडांमधून धावणारा फीनिक्स, शेवटचा डबा. यापेक्षा चांगली राइड मला जॅक्सनला मिळालेली नाही, आणि हे मी तिथले उंच कोस्टर आवडणारा माणूस म्हणून लिहितोय.

त्याच पार्कात ट्विस्टर आहे, १९९९ चा. डेन्व्हरच्या मिस्टर ट्विस्टर या जुन्या कोस्टरवरून घेतलेला. जागा अपुरी पडली म्हणून साखळीचा चढच दोन तुकड्यांत केलाय, मध्ये वळण. फ्लाइंग टर्न्स तर चुकवूच नका. त्यात रूळच नाहीत. लाकडी पन्हळीतून छोट्या गाड्या चाकांवर सुटतात आणि वेग येईल तशा भिंतीवर चढतात. १९२०-३० च्या दशकात असे कोस्टर होते, नंतर नामशेष झाले. कनोबेल्सनं २००६ मध्ये बांधायला घेतला आणि लोकांना बसायला मिळालं २०१३ मध्ये. मधली वर्षं चाकं आणि गाड्या बदलून बघण्यात गेली. नफ्याचा हिशेब करणारी कंपनी एवढा धीर धरत नाही. इथे एकाच घराण्याकडे १९२६ पासून पार्क आहे, म्हणून हे चालतं. वजनाची मर्यादा असते, मामा-भाचे दोघेही धिप्पाड असाल तर एका गाडीत बसवणार नाहीत.

आता तुमच्या घरच्यांचं. कनोबेल्सला प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. राइडची तिकिटं कूपनांसारखी घ्यायची, जो बसेल त्याचे पैसे. म्हणजे सासू-सासरे नुसते झाडाखाली बसले तरी तुमचा खिसा हलका होत नाही. मोठ्या पार्कात हेच गणित डोक्याला हात लावायला लावतं. पार्क अक्षरशः जंगलात आहे, मधून ओढा वाहतो, त्यामुळे जुलैतही सावली. घरून डबा नेता येतो, बाकं-टेबलं आहेत. पराठे, दही, लोणचं खुशाल न्या. तिथलं खायचं असेल तर पिअरोगी घ्या. बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजीच ती, वर कांदा आणि लोणी. पूर्व युरोपातून आलेल्या कोळसा खाणकामगारांनी हा पदार्थ या भागात आणला. काटेकोर शाकाहारी असाल तर कशात परतलंय एवढं विचारून घ्या.

मुलीला १९१३ च्या मेरी-गो-राउंडवर बसवा. लाकडात कोरलेले घोडे, आणि बाहेरच्या रांगेतल्यांनी फिरता फिरता हात लांब करून कड्या खेचायच्या. पितळी कडी ज्याच्या हाती आली त्याला एक फेरी फुकट. मुलीचा हात पोचणार नाही, पण तुमचा पोचेल. वयस्क माणसं या कड्यांवरून कशी इरेला पेटतात ते बघण्यासारखं असतं.

सासऱ्यांसाठी दोन ठिकाणं. एक, पार्कपासून जवळच अॅशलंड गावात पायोनिअर टनेल ही जुनी कोळशाची खाण. छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात नेतात. (आत गारठा असतो, शाल घ्या.) दुसरं, जाताना वाट थोडी वाकडी केली तर जिम थॉर्प हे गाव. पूर्वी याला मॉक चंक म्हणत. १८२७ मध्ये इथे डोंगरावरून कोळशाचे डबे केवळ उताराच्या जोरावर खाली सोडायला सुरुवात झाली. रिकामे डबे खेचरं वर ओढत न्यायची, आणि खाली येताना ती खेचरंही डब्यात बसून यायची. पुढे कोळसा थांबला, पण पैसे देऊन त्या उतारावरून जायला पर्यटक येत राहिले. रोलर कोस्टरच्या पूर्वजांत या रेल्वेचं नाव घेतात. आता रूळ राहिलेले नाहीत, पण गाव सुरेख आहे आणि सासरे जावयाला तासभर माहिती सांगतील.

सुरक्षिततेबद्दल. लाकडी कोस्टर उभा राहून बघितला तर गाडी जाताना सांगाडा हलताना दिसतो आणि पोटात गोळा येतो. तो हलायलाच हवा. धक्का लाकूड पितं आणि पुढे जमिनीत सोडतं. रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्या आणि वर पोलादी पट्टी. पार्क उघडण्याआधी सुतार तो चालत तपासतात, सैल झालेलं आवळतात, कुजलेली फळी बदलतात. त्यामुळे कोस्टर १९४७ चा म्हटला तरी लाकूड सगळं १९४७ चं नसतं. पेनसिल्व्हेनियात या राइडांची तपासणी राज्याच्या शेती खात्याकडे आहे. ऐकून हसू येतं, पण जत्रांमधल्या पाळण्यांपासून सगळं त्यांच्याच अखत्यारीत. तुमची पाठ किंवा मान दुखरी असेल तर डब्याच्या मधल्या बाकावर बसा. पुढचं-मागचं बाक चाकांवर येतं, तिथे आदळआपट जास्त. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी बसूच नये, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही पुढे लिहिलंय की सासूबाईंना पिट्सबर्गच्या बालाजीला न्यायचंय. मग तर सोन्याहून पिवळं. पेन हिल्सच्या त्या देवळापासून केनीवुड पार्क अर्ध्या तासाच्या आत आहे. हे पार्क १८९८ चं, ट्रॅम कंपनीनं काढलेलं. रविवारी ट्रॅम रिकाम्या धावायच्या, म्हणून कंपन्या मार्गाच्या टोकाला बागा आणि पाळणे काढायच्या. अशी शेकडो पार्कं होती, मोजकी उरली. इथे जॉन मिलरचे दोन कोस्टर अजून धावतात. १९२० चा जॅक रॅबिट, ज्याच्या जोड-उतारावर शेवटच्या डब्यात बसलेला माणूस सीट सोडतोच. आणि १९२७ चा रेसर, दोन गाड्यांची शर्यत. दोन्ही गाड्या इतक्या जवळून जातात की लोक एकमेकांना टाळ्या द्यायला हात लांबवतात. गंमत म्हणजे दिसतात दोन मार्ग, आहे एकच. डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे येऊन थांबते. भाच्याला आधी सांगू नका, त्यालाच ओळखू द्या.

भाच्याची उंचीची भूकही इथे भागेल. फँटम्स रिव्हेंज या कोस्टरचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा आहे, २३२ फूट, ताशी ८५ मैल. पार्क नदीकाठच्या कड्यावर आहे, त्याचा फायदा घेऊन गाडी दरीत सोडलीय, आणि तीही थंडरबोल्ट या जुन्या लाकडी कोस्टरच्या सांगाड्यातून आरपार. थंडरबोल्टही घ्या. त्यात सुरुवातीला चढच नाही, स्टेशनातून निघून गाडी सरळ दरीत पडते. एकट्याला बसवत नाहीत, जोडीदार लागतो. मात्र इथे फाटकावर प्रत्येकाचं तिकीट लागतं, कनोबेल्ससारखं नाही.

पिट्सबर्गच्या वाटेवर अल्टूना लागतं, तिथे सासऱ्यांसाठी हॉर्सशू कर्व्ह. १८५४ मध्ये डोंगर चढवायला रेल्वेनं घातलेलं घोड्याच्या नालेसारखं वळण, आजही मालगाड्या जातात. भोर घाटाच्या गोष्टी तिथे निघणारच. त्याच गावात लेकमाँट पार्कात १९०२ चा लीप-द-डिप्स आहे, उभ्या असलेल्यांत जगातला सर्वांत जुना. ४१ फूट, ताशी दहा मैल, खालून धरणारं चाक नाही, पट्टा नाही, दांडा नाही. गेली काही वर्षं तो बंद-चालू होत आलाय, तेव्हा चालू असल्याची खात्री करूनच वाकडी वाट करा.

पिट्सबर्गहून पुढे नायगारा करणार असाल तर ईरीमध्ये वॉल्डमिअर पार्कला अर्धा दिवस द्या. रॅव्हिन फ्लायर दोन हा २००८ चा लाकडी कोस्टर तिथल्या चौपदरी रस्त्यावरून जातो. खालून गाड्या, वरून तुम्ही. बाकी पार्क साधं आहे.

शेवटचं, कामाचं. ही पार्कं रोज उघडी नसतात. मे आणि सप्टेंबरमध्ये बरेचदा फक्त शनिवार-रविवार, तेव्हा आधी त्यांचं कॅलेंडर बघा आणि मग रजा टाका. कनोबेल्सला मंगळवार-बुधवार गाठलात तर फीनिक्सला फारशी रांग नसते. चष्म्याला दोरी लावा आणि खिशातला फोन सासऱ्यांकडे देऊन बसा. फीनिक्सच्या शेवटच्या टेकाडांवर खिसे रिकामे होतात.