वाचकांचे प्रश्न : स्विचने क्लॉक कुणाकडून घ्यायचा?

प्रश्न : आमच्या मोबाइल बॅकहॉलच्या (बेस स्टेशनना मुख्य नेटवर्कशी जोडणाऱ्या जाळ्याच्या) रिंगमध्ये पाच स्विच आहेत. पहिल्याला जीपीएस रिसीव्हरमधून २.०४८ मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे संदर्भ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, दिलाय. बाकी चौघांवर सिंक्रोनस इथरनेट (इथरनेटच्या लिंकवरूनच क्लॉक पुढे देण्याची पद्धत) चालू असून डाव्या पोर्टला प्राधान्य १, उजव्याला २ आहे. पहिल्या आणि दुसऱ्या स्विचमधली फायबर तुटली तेव्हा सगळे स्विच ‘लॉक्ड’ दाखवत होते, तरी बेस स्टेशनवर फ्रिक्वेन्सीचे अलार्म येत राहिले. हे कसं? (वाचक, नाशिक)

उत्तर : स्विचना ओळीने ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’, ‘इ’ म्हणू. या लक्षणांवरून क्यूएल मोड, म्हणजे क्लॉकचा दर्जा पाहून निवड करणं, बंद असणार. तो बंद असला की स्विच फक्त दोनच गोष्टी बघतो : लिंक चालू आहे का, आणि प्राधान्य किती. ‘अ’कडची फायबर गेल्यावर ‘ब’ने प्राधान्य २ म्हणून ‘क’चा क्लॉक घेतला. पण ‘क’ तर ‘ब’कडूनच घेत होता आणि त्या दोघांमधली लिंक शाबूत होती. दोघं एकमेकांवर लॉक झाले. हाच टायमिंग लूप. त्यात फ्रिक्वेन्सी सरकत जाते आणि ‘ड’, ‘इ’ तिच्यामागे जातात. ‘लॉक्ड’ याचा अर्थ एवढाच, की पीएलएलने (समोरच्या क्लॉकशी आपला क्लॉक जुळवणाऱ्या सर्किटने) समोरचा क्लॉक पकडला आहे. तो क्लॉक मुळात कुठून आला, हे त्यातून कळत नाही.

उपाय : पाचही स्विचवर क्यूएल मोड चालू करा, नेटवर्क ऑप्शन सगळीकडे १ ठेवा (२०४८ किलोबिटच्या, म्हणजे आपल्याकडच्या ई-१ पद्धतीच्या नेटवर्कसाठी हाच), आणि रिंगच्या प्रत्येक पोर्टवर सिंक्रोनस मोड व ईएसएमसी (शेजाऱ्याला आपल्या क्लॉकचा दर्जा कळवणारे संदेश) चालू करा. एखादा स्विच चुकून ऑप्शन २ वर राहिला तर तो दर्जाचे कोड वेगळेच वाचतो आणि चांगला क्लॉक नाकारतो. ईएसएमसीचा संदेश दर सेकंदाला एक जातो. ५ सेकंद आला नाही की तो स्रोत निकामी धरला जातो. दर्जा बदलला तर संदेश सेकंदाची वाट न पाहता लगेच निघतो. ऑप्शन १ मधला उतरता क्रम पीआरसी (मूळ संदर्भ क्लॉक), एसएसयू-ए आणि एसएसयू-बी (मधले दर्जे), ईईसी-१ (स्विचचा स्वतःचा क्लॉक) असा, आणि तळाला डीएनयू, म्हणजे ‘माझा क्लॉक घेऊ नका’. निवडीत आधी दर्जा पाहिला जातो. दर्जा सारखा असेल तरच प्राधान्याचा आकडा कामाला येतो.

आता तीच फायबर पुन्हा तुटली असं समजा. ‘क’ हा ‘ब’कडून क्लॉक घेतोय, म्हणून तो ‘ब’ला डीएनयू पाठवतो. ‘ब’कडे दुसरा स्रोत नाही; तो होल्डओव्हरमध्ये जातो, म्हणजे आधीची फ्रिक्वेन्सी लक्षात ठेवून स्वतःच्या क्लॉकवर चालतो, आणि पुढे ईईसी-१ कळवतो. ते ‘क’, ‘ड’ करत ‘इ’पर्यंत पोहोचतं. ‘इ’ला दुसऱ्या बाजूने ‘अ’चा पीआरसी दिसतोच आहे, म्हणून तो तिकडे वळतो; मग ‘ड’, ‘क’ आणि शेवटी ‘ब’. काही सेकंदांत अख्ख्या रिंगची दिशा उलटते.

एवढं करूनही एक धोका उरतो, आणि तो फार ठिकाणी दुर्लक्षित राहतो. ‘अ’च्या स्रोतांच्या यादीत रिंगचे पोर्ट घातले आहेत का ते बघा. सगळं सुरळीत असताना ‘इ’ हा ‘ड’कडून क्लॉक घेतो आणि ‘अ’ला पीआरसी कळवतो. हा पीआरसी मुळात ‘अ’चाच, फेरी मारून आलेला. जीपीएस गेला की ‘अ’ला तो उत्तम स्रोत वाटतो, तो त्यावर लॉक होतो आणि पाचही स्विच पीआरसी दाखवत गोल फिरू लागतात. डीएनयू फक्त शेजाऱ्यापुरता असतो. पूर्ण फेरीचा लूप त्याने अडत नाही. बाहेरचा स्रोत एकच असेल तर ‘अ’च्या यादीत फक्त तोच ठेवा. तो गेला की ‘अ’ने होल्डओव्हरमध्ये जाऊन ईईसी-१ सांगणं हेच योग्य. दोन स्विचवर स्रोत असतील तर कागदावर रिंग काढा, बाण दाखवा, एकेक लिंक आणि एकेक स्रोत खोडून प्रत्येक वेळी बाण कुठे वळतात ते पाहा. हे सेटिंग करण्याआधी करायचं काम आहे.

आणखी एक. २.०४८ मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये दर्जाची माहिती नसते, म्हणून त्या इनपुटला पीआरसी हाताने द्यावा लागतो. पण मग रिसीव्हरचा अँटेना तुटला तरी ‘अ’ पीआरसीच सांगत राहील. त्यासाठी उपग्रहाशी संपर्क गेल्यावर आउटपुट बंद करण्याची सोय रिसीव्हरवर चालू ठेवा, किंवा दर्जा वाहून नेणारा ई-१ घ्या. रिंगच्या पोर्टवर मात्र दर्जा कधीही हाताने ठोकू नका. आलेला डीएनयू त्याखाली झाकला जातो आणि लूप परत येतो.

प्रश्न : गिगाबिट कॉपर पोर्टवरून क्लॉक घेतला तर चालेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : चालतो, पण एकाच दिशेने. १०००बेस-टी लिंकवर एक टोक मास्टर, दुसरं स्लेव्ह असतं आणि क्लॉक स्लेव्हलाच मिळतो. कोण काय होणार हे ऑटो-निगोशिएशनवर सोडलं तर घेणारा पोर्ट मास्टर होऊन बसू शकतो. म्हणून देणाऱ्या टोकाला मास्टर, घेणाऱ्याला स्लेव्ह असं ठरवून द्या. दोन्हीकडे मास्टर दिलंत तर लिंकच उठणार नाही. हा बदल करताना लिंक पडते, तेव्हा मेंटेनन्सच्या वेळेतच करा. वीज वाचवणारा ईईई मोड बंद ठेवा. कॉपर एसएफपी मॉड्यूल (स्विचमध्ये खोचायचे पोर्ट) बहुतेक वेळा क्लॉक देत नाहीत, तिथे अंगचा आरजे-४५ पोर्ट लागतो. रिंगमध्ये दिशा उलटावी लागते, म्हणून तिथे फायबरच वापरा.

प्रश्न : तुटलेली फायबर जोडल्यावर स्विच मूळ स्रोतावर लगेच परत जात नाही. बिघाड आहे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. वेट-टू-रिस्टोअर, म्हणजे परत आलेला स्रोत पुन्हा वापरण्याआधी थांबायचा वेळ, साधारण ५ मिनिटांवर असतो, ० ते १२ मिनिटांत बदलता येतो. अर्धवट जोडलेली फायबर पुन्हा पुन्हा पडते तेव्हा हाच वेळ तुम्हाला वाचवतो. चाचणीत घाई असेल तर त्या स्रोताचा टायमर हाताने पुसा. चालू नेटवर्कमध्ये तो ० करू नका. १२ मिनिटांनंतरही स्विच परतला नाही, तर नॉन-रिव्हर्टिव्ह मोड (मूळ स्रोतावर आपोआप न परतण्याचा) किंवा कुणीतरी दिलेला आणि काढायचा राहिलेला फोर्स्ड स्विच (स्रोत सक्तीने ठरवणारा आदेश) तपासा.

प्रश्न : ५जीच्या टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) साइटला सिंक्रोनस इथरनेट पुरतं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : एकटं नाही. ते फक्त फ्रिक्वेन्सी देतं. टीडीडीला वेळही ±१.५ मायक्रोसेकंदात जुळलेली लागते, ती पीटीपी (नेटवर्कवरून वेळ पाठवणारा प्रोटोकॉल) किंवा साइटवरच्या जीपीएसमधून येते. पीटीपी काही काळ तुटलं तर सिंक्रोनस इथरनेटच्या आधारावर वेळ बराच अधिक टिकते, म्हणून दोन्ही ठेवा. वाटेत एकही साधा (सिंक्रोनस इथरनेट नसलेला) स्विच नको : तो स्वतःच्या ±१०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग चुकू शकणाऱ्या) क्रिस्टलवर डेटा पाठवतो आणि साखळी तिथेच तुटते. ईएसएमसीही त्याच्यापलीकडे जात नाही. पुढच्या स्विचवर दर्जा ‘फेल्ड’ आणि लिंक चालू असं दिसलं, तर मध्ये असा स्विच आहे का हे आधी शोधा.