डबा परत येतो, गोळी बंद करू का?

‘माझा नऊ वर्षांचा मुलगा एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा) दोन महिन्यांपासून मिथाइलफेनिडेट घेतो. बाई म्हणतात, आता वर्गात बसतो, वही पूर्ण करतो. पण डबा तसाच परत येतो, वजन दीड किलोने उतरले आहे आणि रात्री साडेअकरापर्यंत झोप लागत नाही. केमिस्ट चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो हे पाहून सासूबाई घाबरल्या आणि गोळी बंद कर म्हणाल्या. डॉक्टरांना न सांगता मी ती अधूनमधून चुकवते.’ — एक आई

ताई,

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे या औषधाचे परिचित दुष्परिणाम आहेत, आणि मात्रा, वेळ किंवा औषध बदलून डॉक्टर त्यांवर बहुधा तोडगा काढू शकतात. मात्र गोळी कोणत्या दिवशी दिली आणि कोणत्या दिवशी नाही हेच त्यांना ठाऊक नसेल, तर त्यांनी ठरवायचे कशावरून? दोन महिन्यांत दीड किलो म्हणजे पुढच्या तारखेची वाट पाहण्यासारखी गोष्ट नव्हे. याच आठवड्यात फोन करा आणि चुकवलेल्या गोळ्यांसह सगळे सांगा. ते रागावले तर रागावोत.

तोपर्यंत गोळीआधी भरपेट न्याहारी द्या. डब्यात शेंगदाण्याचा एखादा लाडू पुरे, आणि रात्री अंमल उतरून भूक परतली की पोटभर जेवू द्या. साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास, दीर्घ परिणामाच्या गोळीचा आठ ते बारा तास राहतो, त्यामुळे दिवसातली शेवटची गोळी किती वाजता पोटात जाते हे वहीत लिहाच. त्याच वहीत उरलेला डबा, झोपेची वेळ आणि एकाच काट्यावरचे साप्ताहिक वजन येऊ द्या. दवाखान्यात उंची दर सहा महिन्यांनी, तर नाडी व रक्तदाब तेव्हा आणि प्रत्येक वेळी मात्रा बदलल्यावर तपासले जातात ना, हे विचारा. छातीत दुखले किंवा खेळताना शुद्ध हरपली, तर लगेच रुग्णालय गाठा. मूल एरवीपेक्षा गप्प, निर्विकार वाटू लागले, तर मात्रा जास्त होत असू शकते. गुणी झाला म्हणून समाधान मानू नका.

चिठ्ठीची प्रत ठेवणे हा कायद्याचा नियम आहे, कारण या औषधाचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून पाकीट कुलपात ठेवा. सासूबाईंनाही या खेपेस सोबत न्या. त्यांची शंका डॉक्टरांसमोरच निघू द्या.