गुप्त ग्राहकाचा अहवाल चुकीचा वाटतोय? राजीनाम्याआधी हे करा

पत्र: मुलानं हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला. दोन वर्षांपासून ताडोब्याच्या कोलारा गेटजवळ एका रिसॉर्टमध्ये बारटेंडर आहे, पगार १४,००० रुपये. गेल्या आठवड्यात कंपनीनं साधा गिऱ्हाईक म्हणून एक परीक्षक पाठवला. त्यानं १०० पैकी ४६ गुण दिले. ड्रिंक यायला १८ मिनिटं लागली, वय विचारून अपमान केला, पेग कमी भरला, पाणी विचारलं नाही, असं त्यात लिहिलं आहे. मॅनेजर पगारवाढ थांबवून २,००० रुपये कापतो म्हणतो आणि अहवालावर सही मागतो. पोरगा सोडून यायला निघाला आहे. आम्हाला हे काम आधीपासूनच पटत नव्हतं. काय करावं? (एक शेतकरी वडील, चिमूर तालुका)

उत्तर:

नमस्कार भाऊ,

राजीनामा आत्ता देऊ देऊ नका. उत्तर न देता तो निघून गेला, तर फाइलीत एकच बाजू राहते. उद्या नागपूरच्या एखाद्या हॉटेलनं चौकशीला फोन केला, की तीच बाजू वाचून दाखवली जाईल.

सही नाकारू नये आणि नुसती सहीही करू नये. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावं: ‘प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. लेखी उत्तर देत आहे.’ खाली तारीख, वेळ. मग कागदाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा.

त्याच दिवशी मॅनेजरला ईमेल करून त्या संध्याकाळचं बार काउंटरचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगावं. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या मशीनची, डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. बऱ्याच ठिकाणी १५ ते ३० दिवसांत रेकॉर्डिंग जातं. तुमचा एक आठवडा आधीच गेला आहे, म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

आता मुद्दे. १८ मिनिटांचा आरोप सगळ्यांत जड दिसतो, पण तपासायला तोच सोपा आहे. ग्राहक वेळ मोजतो ती वेटरला ऑर्डर सांगितल्यापासून. बारटेंडरच्या हातात काम येतं ते बारच्या प्रिंटरवर बीओटी, म्हणजे ऑर्डरची स्लिप, निघाल्यावर. समजा ग्राहक ७.३२ ला ऑर्डर दिली म्हणतो आणि स्लिपवर ७.४१ आहे, तर ९ मिनिटं वेटरकडेच गेली. अहवालासोबत बिल जोडलेलं असतं; त्यावरच्या बिल नंबरवरून स्लिप सापडते. त्याआधीच्या १५ मिनिटांत किती स्लिपा निघाल्या आणि ड्युटी रोस्टरवर बारमागे किती जण होते, हेही काढावं. दुपारची सफारी आटोपून जिप्सी परतल्या, पाहुणे आंघोळी करून आले, की अर्ध्या-पाऊण तासात सगळे टेबल एकदम भरतात. अशा वेळी एकटा माणूस असेल, तर तो प्रश्न मनुष्यबळाचा आहे आणि तसंच लिहावं. एक खबरदारी मात्र घ्यावी: बिलिंगचं मशीन आणि सीसीटीव्ही यांची घड्याळं बरेचदा जुळत नाहीत. दोन्हींतला फरक आधी टिपून घ्यावा, नाहीतर आपलाच पुरावा आपल्यावर उलटतो.

अहवालातलं कर्मचाऱ्याचं वर्णनही नीट वाचावं. नावाची पट्टी, चष्मा, दाढी, उंची. गर्दीत दोघं काउंटरवर असले की एकाची सेवा दुसऱ्याच्या नावावर चढते.

वय विचारल्याबद्दल गुण कापले असतील, तर इथं माघार घेऊ नये. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे, माइल्ड बिअर आणि वाईनसाठी २१. शंका आली की ओळखपत्र मागणं हे त्याचं कामच आहे. विचारण्याचा सूर उद्धट होता का, हा वेगळा प्रश्न. त्यावर ‘नियमाप्रमाणे सगळ्यांनाच विचारतो’ एवढं पुरे.

पेगचं उत्तर स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघतात. भरलेल्या बाटलीतून त्या रात्री १७ विकले असतील, तर ५१० मिली गेली आणि २४० उरायला हवी. शिल्लक त्याहून स्पष्ट जास्त निघाली, तर पेग कमी भरले गेले असं दिसतं. हिशेब जुळला तर बाजू भक्कम होते, पण पूर्ण सिद्ध होत नाही, कारण एक पेग कमी आणि दुसरा जास्त गेला तरी बेरीज तीच येते. त्यामुळे सोबत हेही लिहावं की माप वापरलं होतं, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे आणि ओततानाचं फुटेज पाहावं. जाड बुडाच्या रुंद ग्लासात ६० मिलीसुद्धा थोडी दिसते. बर्फ नसेल तर आणखीच.

पाणी विचारलं नसेल, तर तसं सरळ मान्य करावं. चारपैकी एक मुद्दा मोकळेपणानं स्वीकारला की उरलेल्या तीन मुद्द्यांवरचं म्हणणं मॅनेजर गांभीर्यानं वाचतो. उत्तर एका पानात बसवावं, परीक्षकाच्या हेतूबद्दल एक शब्दही नको. शेवटी दोन मागण्या: दुरुस्तीची नोंद अहवालाला जोडावी आणि एकाच भेटीवर पगारवाढ न ठरवता दुसरी भेट घ्यावी. परीक्षक कोण होता हे शोधू नये, व्हॉट्सॲप स्टेटसवर काही टाकू नये. त्यानं बरोबर असलेली बाजूही पडते.

२,००० रुपयांचं म्हणाल, तर वेतनाच्या कायद्यात दंडाला मर्यादा आहे: त्या पगाराच्या ३ टक्के. १४,००० वर ते ४२० रुपये होतात, आणि तेही कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकल्यावरच. हे उत्तरात शांतपणे लिहावं. तरी कापलेच, तर पगारपत्रक घेऊन चंद्रपूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो.

काम पटत नाही, हे तुमचं म्हणणं मी समजू शकते. आपल्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. बारमधली नोकरी घरात सांगायलाही जड जाते. पण माप, हिशेब, कायदा आणि माणसं सांभाळणं एकाच वेळी लागतं असं हे काम आहे, आणि मुलगा दोन वर्षं ते करतो आहे. यापुढे त्यानं एवढं बदलावं: सहाच्या आत बर्फ, कापलेलं लिंबू, थंड सोडा हाताशी, आणि गर्दीत टेबलवर आधी पाणी पाठवून ‘दहा मिनिटं लागतील’ असा निरोप. वाट पाहायला लागण्यापेक्षा कोणी दखलच घेतली नाही, याचा राग लोकांना जास्त येतो.

एवढं करूनही सोडायचंच असेल, तर अहवालाचा निकाल लेखी मिळाल्यावर सोडावं. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो आणि ऑक्टोबरच्या हंगामासाठी रिसॉर्टवाले त्याआधी माणसं बघतात. अर्ज ऑगस्टमध्ये करावेत, सोबत अनुभव प्रमाणपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं जोडावीत.