तेलाचा पैसा देशात येतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

नायजेरिया पूर्वी भुईमूग, कोको, पामतेल निर्यात करायचा. तेल सापडल्यावर शेती का बसली? लोक आळशी झाले असं बरेच जण लिहितात.
*स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, दादर*

आळसाचा इथे काही संबंध नाही. तेलाचे डॉलर आले की सरकार ते नायरात, म्हणजे तिथल्या चलनात, बदलून देशातच खर्च करतं. बांधकामं निघतात, मजुरी वाढते, महागाई चढते. पण डॉलरची आवक भरपूर असल्यामुळे नायराचा दर मात्र वर टिकून राहतो. उत्तर नायजेरियातल्या कानोच्या शेतकऱ्याच्या मालाचा भाव जागतिक बाजारात डॉलरमध्ये ठरतो. त्याचा खर्च नायरात वाढला आणि डॉलरमागे मिळणारे नायरा तेवढेच राहिले, म्हणजे तो बुडालाच. शिवाय परदेशी तांदूळ स्वस्त पडू लागतो. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा हेच घडलं. त्या दशकात दुष्काळ आणि भुईमुगावरचा रोगही आला होता, हे विसरू नये. पण त्यातून शेती पुन्हा सावरली नाही, याचं मोठं कारण विनिमय दर. याला ‘डच रोग’ म्हणतात, कारण १९५९ मध्ये ग्रोनिंगनला वायू सापडल्यावर नेदरलँड्सच्या कारखान्यांनाही हाच त्रास झाला.

दक्षिण अमेरिकेतल्या गयानात एवढं तेल निघतंय, मग तेलकंपन्यांशी केलेल्या करारावर टीका का होते?
*वाचक, मुलुंड*

१०० पिंपांचा हिशेब मांडून पाहा. २०१६ च्या करारानुसार कंपन्यांना खर्चवसुलीसाठी ७५ पिंपांपर्यंत घेता येतात. उरलेल्या २५ पैकी निम्मी, म्हणजे साडेबारा सरकारची. शिवाय सगळ्या १०० पिंपांवर २ टक्के रॉयल्टी, म्हणजे आणखी २. खर्चवसुली कमाल मर्यादेला असेपर्यंत देशाच्या पदरात साडेचौदा.

खर्च फिटत गेला की हा वाटा वाढायला हवा. अडचण अशी, की प्रत्येक तेलक्षेत्राचा खर्च वेगळा ठेवण्याची अट करारात नाही. नव्या विहिरींचा खर्च जुन्या क्षेत्राच्या तेलातून वळता होतो आणि वसुली लांबत जाते. म्हणून टक्केवारीइतकंच लक्ष खर्चाच्या लेखापरीक्षणावर हवं. एकेका बिलाची वैधता तपासू शकणारे लोक सरकारकडे नसतील, तर करारातला वाटा कागदावरच राहतो.

गरीब देशांनी नॉर्वेसारखा तेलाचा पैसा साठवणारा निधी उभारावा का?
*निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव*

उभारावा, पण नॉर्वेची नक्कल नको. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला आणि पहिली रक्कम १९९६ मध्ये भरली. तोवर तिथे रस्ते, शाळा, दवाखाने उभे होते. जिथे बाळंतिणीला दवाखाना नाही तिथे सगळा पैसा परदेशी रोख्यांत ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

घानाचा २०११ चा कायदा जास्त उपयोगाचा आहे. अर्थसंकल्पासाठी तेलाचा भाव सात वर्षांच्या सरासरीवरून धरायचा, त्या अंदाजी उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ७० टक्के खर्चाला घ्यायचे, उरलेले दोन निधींत: एक भाव पडेल तेव्हासाठी, दुसरा पुढच्या पिढ्यांसाठी. सरासरीमुळे तेजीच्या वर्षी नोकरभरती आणि अनुदानं फुगत नाहीत.

नुसता कायदा मात्र पुरत नाही. आफ्रिकेतल्या चाडने जागतिक बँकेच्या अटीवर तेलाच्या उत्पन्नाचे १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी राखले होते. तेल २००३ मध्ये सुरू झालं, २००६ मध्ये सरकारने तो निधीच रद्द केला आणि सुरक्षेवरचा खर्च प्राधान्यात घातला. २००८ मध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. तेल वाहू लागल्यावर अटी घालणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

मुंबई हायच्या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळते का?
*वाचक, उरण*

नाही, केंद्राला मिळते. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्रातली खनिजं केंद्राची. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्याला जाते.

लागोसला यंत्रांचे सुटे भाग पाठवतो. तेल स्वस्त झालं की गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात. काय करावं?
*निर्यातदार, मस्जिद बंदर*

गिऱ्हाइकाकडे नायरा असतात, त्याच्या बँकेकडे डॉलर नसतात. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरवर असलेलं पिंप जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली आलं. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ४१ प्रकारच्या मालाला अधिकृत डॉलर देणं बंद केलं; ही बंदी २०२३ मध्ये उठली.

माल चढवण्याआधी गिऱ्हाइकाचा ‘फॉर्म एम’, म्हणजे नायजेरियातला आयातीचा नोंदणी अर्ज, मागवून घ्या. त्यावर परकीय चलनासाठी ग्राह्य नाही असा शेरा असेल, तर त्याला अधिकृत मार्गाने डॉलर मिळणार नाहीत. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी) घ्याल ती नायजेरियाबाहेरच्या चांगल्या बँकेने कन्फर्म केलेलीच, म्हणजे तिनेही स्वतःची हमी जोडलेलीच, घ्या. नुसत्या एलसीवर पैसे देणारी बँक तीच, जिच्याकडे डॉलर नाहीत. ईसीजीसीचं, म्हणजे निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीचं, विमा संरक्षण घेताना चलन हस्तांतराला होणारा उशीर त्यात धरला आहे का, आणि त्या गिऱ्हाइकाची मर्यादा मंजूर आहे का, हे जहाज सुटण्याआधी पाहून घ्या.