कॉमिकमधला खलनायक पोकळ का वाटतो, आणि नायकाला मारून शेवट का साधत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या चौघांनी मिळून २४ पानांचं मराठी कॉमिक केलंय. खलनायक इंदूरला पाणी आणणारी नर्मदेची पाइपलाइन बॉम्बने उडवतो, शेवटच्या पानावर नायक मरतो आणि दुसऱ्या अंकात परत येणार आहे. वाचणारे म्हणतात, खलनायक पोकळ आणि शेवट फसवा.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. खलनायकाला हवंय काय, हे २४ पानांत कुठेच नाही. शहर तहानलं तर त्याच्या पदरात काय पडणार? ते ठरलेलं नाही, म्हणून तो हरला तरी गोष्ट मिटत नाही, आणि मग ती मिटवायला नायकाचं मरण आणावं लागतं.

१९९२ साली सुपरमॅनच्या ७५व्या अंकात हेच झालं. मांडणी अप्रतिम आहे: त्याच कथेच्या आधीच्या तीन भागांत पानामागे चार, तीन, दोन अशा चौकटी कमी होत जातात आणि ७५व्यात पानभर एकच चित्र. छाती दडपते. पण सुपरमॅनला मारणाऱ्या डूम्सडे या राक्षसाला तोडफोडीपलीकडे काही नकोच असतं. १९९३मध्ये सुपरमॅन परतला आणि त्या मरणाचं वजनच गेलं. १९८८मध्ये तर बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड जगावा की मरावा, यावर वाचकांकडून फोनवर मतं घेतली: मरणाला ५,३४३, जगण्याला ५,२७१. ७२ मतांच्या फरकाने ठरलेला शेवट गोष्टीतून उगवलेला नसतो.

याउलट १९७३चा स्पायडरमॅनचा १२१वा अंक बघा. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेनला, पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं टाकून तिला झेलतो, आणि तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात एकच आवाज लिहिलाय: ‘स्नॅप’. वाचवणाऱ्या हातानेच घात झाला असेल का, हा प्रश्न तिथून पुढे त्याचा पिच्छा सोडत नाही. पुढे कोणीही परत आलं तरी ती चौकट पुसली जात नाही.

आता तुमचं कॉमिक. बॉम्ब काढून टाका. नर्मदेकाठच्या जलूदहून पाणी साधारण ७० किलोमीटर पार करून, घाट चढून इंदूरला येतं. खलनायक त्या लाईनवरचा जुना पंपचालक करा. लाईन त्याच्या शेताच्या कडेने जाते आणि त्याच्या गावात नळ नाही. वाचक निम्मा त्याच्या बाजूने झाला पाहिजे. त्याचं हत्यार म्हणजे त्याची माहिती: चालू पंपांची वीज एकदम तोडली की चढणीवरचं पाणी उलटं येऊन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळतं. त्या धक्क्याला वॉटर हॅमर म्हणतात, आणि त्याने पाइप फुटू शकतो. हे संवादात समजावत बसू नका. दाबाच्या मीटरच्या तीन चौकटी पुरतात: काटा खाली येतो, थांबतो, एकदम वर उडतो.

शेवट त्यातूनच निघतो. लाईन जोडेपर्यंत पाणी अपुरं. कुठली टंकी भरायची हे नायकाला ठरवावं लागतं. तो त्या गावाला पाणी देतो आणि स्वतःच्या मोहल्ल्याची टंकी बंद ठेवतो. खलनायक पकडला जातो, पण त्याला हवं होतं ते मिळतं. नायकाच्या मोहल्ल्यातला, म्हणजे रामबागेतला, कोरडा नळ दाखवा, खाली रिकामी बादली. संवाद नको.

पानांचा हिशेब मात्र चोख ठेवा. उजवं पान, म्हणजे विषम, उघडताच डोळ्यांत भरतं. धक्का तिथे ठेवला तर डावं पान वाचायच्या आधीच फुटतो. म्हणून टंकीचा निर्णय २३व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत अर्धवट सोडा आणि नळ पान उलटल्यावर २४व्यावर येऊ द्या. कव्हर वेगळं असेल तर त्या पानासमोर मागच्या कव्हरची आतली बाजू येते. ती कोरीच राहू द्या. दुसऱ्या अंकाची जाहिरात बाहेरच्या बाजूला घ्या.