डायलिसिसची सवय लागते, हे खरं आहे का?

तुमचे वडील ५८ वर्षांचे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) ४.२. डॉक्टरांनी हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई घ्यायला शिरेची जोडणी, करून ठेवायला सांगितलंय. गावातले म्हणतात, डायलिसिसची (मशीननं रक्त साफ करण्याची) एकदा सवय लागली की सुटत नाही. म्हणून थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका, भाऊ. दर्यापूरकडच्या आमच्या गावातही हेच ऐकलं होतं आणि आम्ही ते खरं मानलं. चार महिने बाबांना जडीबुटीच्या पुड्या दिल्या. मग एका रात्री त्यांना आडवं होता येईना, एवढा दम. अकोल्याला नेलं, तर मानेत नळी टाकून डायलिसिस करावं लागलं. त्या नळीतून पुढे जंतुसंसर्गही झाला. फिस्टुला वेळेवर केला असता तर हे टळलं असतं.

सवय डायलिसिसची लागत नाही. किडन्या कायमच्या निकामी झालेल्या असतात, म्हणून ते चालू ठेवावं लागतं. जुलाब-उलट्यांनी किंवा एखाद्या औषधानं किडनी अचानक बसली असेल, तर काही आठवड्यांनी डायलिसिस बंदही होतं. सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या दिसल्या तर मात्र आजार जुना समजायचा.

तुमच्या वडिलांच्या वयाला ४.२ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) साधारण १५-१६. डायलिसिस उद्याच लागेल असं नाही. ते सूज, दम, ओकाऱ्या, पोटॅशियम बघून ठरवतात. पण फिस्टुल्यात धमनीला शीर जोडतात, आणि ती शीर सुई घेण्याजोगी जाड व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. म्हणून आत्ताच.

आमच्या खारपाणपट्ट्यात सगळा दोष पाण्यावर टाकतात. बाबांचं बीपी मात्र दहा वर्षं कुणी मोजलंच नव्हतं, आणि कंबरदुखीवर रोज पेनकिलर चालू होती. तुमचे वडीलही पेनकिलर घेत असतील तर त्या गोळ्या आजच बंद करा. बीपी, शुगर सांभाळली तर उरलेली किडनी जास्त टिकते. पोटॅशियम वाढलेलं असेल तर संत्री आणि नारळपाणी बंद, आणि भाज्या उकडून पाणी फेकायचं. 'कमी सोडियमचं' मीठ अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियमच असतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चार तास जातात, त्यामुळे घराजवळचं सेंटर बघा. आई किंवा भावंडं किडनी द्यायला तयार असतील तर प्रत्यारोपणाचंही आत्ताच विचारा.

वडील उजव्या हातानं जेवत असतील तर फिस्टुला बहुतेक डाव्या हातात करतील. त्या हातातून आजपासून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून घरघर लागते का बघा. थांबली वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.