जुनाट घर स्वस्तात मिळतंय? आधी भिंती बघा

गुलाबी टाइल्स, काळवंडलेलं स्वयंपाकघर, पोपडे आलेला रंग बघून बाकीचे लोक नाक मुरडून निघून जातात, आणि भाव तिथेच उतरतो. तुमचा फायदा नेमका यातच, कारण या कामांचा खर्च आधी सांगता येतो. घात होतो तो न दिसणाऱ्या कामांत.

भेगा नीट बघा. 1 मिलिमीटरहून बारीक भेग बहुधा प्लास्टरचीच असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढलेली आणि 5 मिलिमीटरहून रुंद असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून जाईपर्यंत बयाणा देऊ नका. ओल बघायला पावसानंतर जा. एकच कोपरा नुकताच रंगवलेला दिसला की मला तरी शंका येते. दोन-तीन नळ एकदम सोडा. धार बारीक झाली आणि पाइप जुने लोखंडी असतील, तर ते आतून गंजलेत असं धरून चला. वायरिंग जुनं असेल तर भिंती फोडणं आलंच.

हिशेब उलटा मांडा: त्याच गल्लीतल्या नीटनेटक्या घराचा भाव, वजा दुरुस्ती, वजा कर आणि फी, वजा काम चालू असतानाचं भाडं. दुरुस्तीच्या अंदाजावर 15 ते 20 टक्के जास्तच धरा, भिंत उघडली की काहीतरी निघतंच. उरेल त्याच्या वर एक पैसाही बोलू नका. गृहकर्जात दुरुस्ती धरतात का, हे बँकेला आधी विचारा. आणि घर हेरिटेज यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत तर नाही ना? असेल तर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते.